नारळ उंबऱ्यावर फोडा

मी मानवतच्या बन्सीधर शेठच्या कारखान्यातल्या खरादाचा मागचा ठोकळा बोलतोय. खरादावर लाकूड गरगर फिरतं ते पुढच्या ठोकळ्याच्या जोरावर. मी फिरत नाही. माझ्या नाकाची लोखंडी अणी लाकडाला मागून दाबून धरते, एवढंच माझं काम. पण माझं नाक पुढच्याच्या नाकासमोर अगदी सरळ पाहिजे. सूतभर हललं तरी लाकूड डळमळतं आणि सुटतं.

पोलीस अ‍ॅक्शननंतर एक कापसाची जिनिंग बंद पडली, तेव्हा शेठनं आमाला भंगारात उचललं. माझी खालची पाचर तेव्हाच एका अंगानं झिजलेली. ते ओळखलं एकट्या कारागिरानं, अंगदनं. शेजारच्या पिठाच्या गिरणीवरून खराद फिरवणारा पट्टा यायचा. तो चढवण्याआधी अंगद मला सरकवत पुढं न्यायचा, नाकाला नाक भिडवायचा, मागं पांढरा कागद धरून डाव्या डोळ्यानं निरखायचा आणि मोगरीनं हळूहळू ठोकायचा. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नाही.

खंडेनवमीला मात्र माझे हाल. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग शेठ नारळ फोडायचे तो नेमका माझ्या टाळक्यावर. हाताशी येतो ना मी! खोबरं सगळ्यांनी खायचं, अन् दसरा झाला की अंगदनं अर्धा दिवस माझं नाक सरळ करत बसायचं.

गेल्या साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातलं बडं प्रस्थ असलेल्या आबासाहेबांच्या नातवाचं बारसं होतं. पाळण्याचे खांब आमच्याकडं. नवमीला अंगद हात जोडून म्हणाला, "शेठ, औंदा नारळ उंबऱ्यावर फोडा. ह्याचं नाक वाकडं होतंय."

"देवाला जागा तू दाखवणार व्हय?" शेठ म्हणाले आणि नारळ हाणला.

बारशाच्या दिवशी सकाळी अंगदनं माझं नाक सरळ करायला अर्धा दिवस मागितला. शेठनं तासभरही दिला नाही. तिसऱ्या खांबाला लाकूड सुटलं. मी धरायला पाहिजे होतं, मला धरता आलं नाही. अंगदचा डावा डोळा गेला.

बारसं थाटात झालं. यंत्रानं भोग घेतला, अंगदनंच पूजेत खोट काढली होती, असं शेठ गावभर सांगत सुटले आणि लोकांनी माना डोलावल्या. अंगदची बायको केवळाबाई शेठच्या पाया पडली, म्हणून त्याला माझ्याखालचा भुसा झाडायला ठेवलं. त्याच्या जागी सोनपेठचा भुजंग आला. पोरगं गुणी हाय, पण मला कधी निरखत नाही.

आज पुन्हा खंडेनवमी. शेठ लय खुशीत होते. म्हणाले, "अंगद, औंदा नारळाचा मान तुझा."

अंगदनं नारळ घेतला. पूर्वीसारखा अंगठ्यानं माझी अणी चाचपली. मला वाटलं, आता हा उंबऱ्याकडं जाणार. त्यानं आपल्या जागी उभ्या असलेल्या भुजंगाकडं एकदा बघितलं. मग हाणला, जिकडं पाचर झिजलीय नेमका त्याच अंगाला. मी बोटभर सरकलो. ती जागा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा त्यानं भुजंगाच्या हातावर ठेवला. "खा," म्हणाला.

उद्या दसरा, काम बंद. तुमच्यातलं कुणी मानवतला येणार असेल, तर परवा सकाळच्या आत या. अंगद सांगणार नाही, आणि माझं बोलणं इथं कुणाला ऐकू जात नाही. भुजंगाला एवढंच सांगा, पट्टा चढवण्याआधी एकदा नाकाला नाक लावून बघ.