कडेचा नमुना

“ताई, पाचाच्या आत येऊ द्या हो,” मावशी प्रयोगशाळेच्या दारातूनच म्हणाली.

आमच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं वितळवतात. भट्टीची राख मावशी एकवीस वर्षं घमेल्याने उचलते आहे. ती राख घातक की साधा कचरा, हे यंदा माझ्या तपासणीवर ठरणार होतं. आम्लाच्या पाण्यात ती अठरा तास घुसळायची आणि पाण्यात किती शिसं उतरलं ते मोजायचं. लिटरमागे पाच मिलिग्रॅम झालं की घातक. मग बंद पिंपं, बाहेरची गाडी, शिकवून तयार केलेली माणसं. आणि मावशी घरी.

“मावशी, हात बघा कसे थरथरतात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरता तुम्ही.”

“वय झालं, दुसरं काय! राखेनं मरायची असते तर केव्हाच मेले असते. घरी बसले तर सून दोन दिवसांत पोचवील वर.” आणि स्वतःच हसली.

आकडा आला सहा पॉइंट एक.

साहेबांनी कागद परत सरकवला. “नमुना मधला घेतलात? ढिगाला कडही असते, हे कॉलेजात शिकवलं नाही वाटतं.”

कडेला राखेत आवारातली माती मिसळलेली असते, हे मला ठाऊक होतं. माझी नोकरी अजून कच्ची आहे, हेही. कडेचा नमुना घेतला. चार पॉइंट सात. ‘घातक नाही’ असं लिहून सही केली.

संध्याकाळी रोजच्यासारखे हात कोपरापर्यंत घासले, कपडे बदलले आणि मगच फाटकाजवळच्या पाळणाघरातून लेकीला उचललं. दहा महिन्यांची आहे. फाटकाशी मावशी थांबली होती. बातमी तिला कळली होती.

“उपकार झाले, ताई,” म्हणत तिने हात पुढे केले. लेकही तिच्याकडे झेपावली.

“हात लावू नका!” मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की वॉचमन वळून बघायला लागला.

“धुतलेत की. साबणानं, दोनदा.”

“तरी नको.”

“पण तुम्हीच लिहिलंत ना, घातक नाही म्हणून?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

मावशीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. मग लांबूनच तोंड वेडंवाकडं करून लेकीला हसवू लागली. आमची बस येईपर्यंत हसवत राहिली.