अंगठ्याच्या टप्प्यात

बाबा गेले ते अंथरुणात, सकाळी, चहा मागून. चौतीस वर्षं पाण्याच्या उंच टाक्यांच्या शिड्या चढलेल्या माणसाच्या दृष्टीनं हा मोठाच विजय. त्यांचा कामावरचा जोडीदार भेटायला आला. लांब पायांमुळे सगळं पाणीपुरवठा खातं त्याला बगळा म्हणतं. रडून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "जिंकला बघ तुझा बाप."

मीही तेच काम करते. शहरात तेवीस टाक्या, प्रत्येकीला बाहेरून उभी लोखंडी शिडी. भिंतीला गेलेली चीर, गंजलेला सांधा, पाझर, हे सगळं शिडीवरूनच बघायचं, फोटो काढायचा, नोंद करायची आणि वर सरकायचं. मध्ये उभं राहायला फळी नाही. म्हणून बाबांचा नियम होता: एक हात कामाचा, एक हात जिवाचा. कमरेला पट्टा असतो. पण पट्टा पडल्यावर उपयोगी येतो, हात पडण्याआधी.

बाबा गेल्यापासून त्यांचा फोन मी वापरत होते. तळहातात मावणारा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. अंगठा पडद्याच्या चारही कोपऱ्यांना पोचायचा. सोयीचा आहे म्हणून वापरते, असं मी सगळ्यांना सांगत असे.

मग खात्यानं टाक्यांच्या नोंदींसाठी नवं ॲप आणलं. बाबांच्या फोनवर ते चालेना. "एक तारखेपासून सगळं ॲपवरच," आमच्या अधिकारी मॅडम बैठकीत म्हणाल्या. "ज्यांना जमणार नाही त्यांना ऑफिसात टेबल देऊ." सरावासाठी त्याच दिवशी नवे फोनही वाटले. एकेक फोन शाळेतल्या पाटीएवढा.

"माझ्या हातात मस्त बसतो," बगळाकाका म्हणाले.

"काका, तुमचा हात आहे की सूप?"

"जळू नकोस."

टेबल मला नको होतं. घरातल्या चार भिंतींत बाबा नव्हते, ते मी कसंबसं सोसत होते. शिडीही गेली तर मी कुठे जाणार होते? खात्याचा फोन नको, आपला आपण लहान घेऊ, असं ठरवून मी बाजारात गेले.

"ताई, हा बघा. यात सिनेमा काय दिसतो!" दुकानदार म्हणाला.

"मला टाकीवर सिनेमा बघायचा नाहीये. याहून लहान दाखवा."

"येतच नाही. लोक घेत नाहीत म्हणून कंपन्या बनवत नाहीत."

"कंपन्या बनवत नाहीत, तर लोक घेणार कुठून?"

"वकील आहात का?" तो हसला आणि फोनच्या मागे चिकटवायची एक कडी माझ्यापुढे सरकवली. कडीत बोट अडकवलं की फोन हातातून सुटत नाही, हे खरं. पण त्यानं अंगठा लांब होत नाही. वरचा डावा कोपरा माझ्या अंगठ्यापासून दोन बोटं दूरच राहिला. पुढच्या दोन दुकानांतही तेच. तिसऱ्यानं तर मला सुचवलं, "खिसा मोठा शिवून घ्या."

तेव्हा खात्याचाच फोन घेऊन मी एका जुन्या टाकीवर चढले. एकेचाळिसाव्या पायरीवर एक सांधा पाझरत होता. फोटो काढला. 'जतन करा' हे बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात होतं, ते दाबलं. फोटो जतन झाला. जमलं की, असं मनात म्हणाले आणि मग पाहिलं: माझे दोन्ही हात फोनवर होते.

मी पडले नाही. वारा नव्हता, पट्टा अडकवलेला होता. पण चौदा वर्षांत शिडीवरून माझे दोन्ही हात एकदाही सुटले नव्हते, आणि आज सुटले ते मला कळलंसुद्धा नाही. ही मुरलेल्या माणसाचीच चूक. नवशिका भेदरून शिडी घट्ट धरतो. आमचे पाय आपोआप तोल सांभाळतात, म्हणून हात कधी सुटला ते ध्यानात येत नाही.

खाली उतरले तर काका पाण्याची बाटली घेऊन उभे.

"काका, खरं सांगा. तुमचा हात सुटतो का?"

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "परवा. दोनदा."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला. टेबलाखाली हे पाय मावतील का माझे?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले.

"लेखी द्या, वर पाठवते," त्या म्हणाल्या.

"लेखी नको, मॅडम. भांडाराच्या आवारात सरावाची शिडी आहे. पाच मिनिटं चला."

"मी? शिडीवर?"

"चौथ्या पायरीपर्यंतच."

बातमी आमच्या आधी आवारात पोचली होती. भांडारवाले, चालक, खरेदी विभागातले कारकून, सगळे जमले. मॅडमनी चपला काढल्या, पट्टा बांधून घेतला, फोनची दोरी मनगटात अडकवली. चौथी म्हटलं होतं, त्या सहाव्या पायरीवर गेल्या. ते मात्र त्यांचं कौतुकच.

"डावा हात सोडायचा नाही," मी खालून सांगितलं. "भिंतीवरच्या त्या डागाचा फोटो काढा आणि जतन करा."

फोटो निघाला. मग अंगठा कोपऱ्याकडे निघाला आणि वाटेतच संपला. त्यांनी फोन तळहातात खाली सरकवला, तो कलला. हनुवटीनं दाबून पाहिलं.

"नाक वापरा, मॅडम!" चालकांतून कोणीतरी ओरडलं.

फोन निसटला आणि मनगटाच्या दोरीला गरगर फिरू लागला. त्याला धरायला मॅडमचे हात गेले. दोन्ही.

"हात! मॅडम, हात!" काका गरजले.

मॅडमनी शिडीला मिठी मारली. मग वरून आवाज आला, "सगळ्यात उंच टाकीला किती पायऱ्या?"

"एकशे बारा."

"तुमचा तो जुना फोन द्या इकडे."

मी चढून बाबांचा फोन त्यांच्या हातात दिला. डावा हात शिडीवर घट्ट ठेवून, एका अंगठ्यानं, त्यांनी ॲप बनवणाऱ्याचा नंबर लावला. रोजच्या भांडणामुळे तो त्यांना तोंडपाठ होता.

"मी शिडीवरून बोलतेय... नाही हो, खरोखरच्या शिडीवर! ती बटणं वर कशाला ठेवलीत? ... छान दिसतात? उद्या सकाळी इथे या. आधी चढा, मग छान काय ते ठरवू."

आवारात अशा टाळ्या पडल्या की भांडाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

तो ॲपवाला आला, नवव्या पायरीवर गेला आणि पांढराफटक होऊन उतरला. सहा दिवसांत सगळी बटणं खाली, अंगठ्याच्या टप्प्यात आली. खरेदीवाल्यांनी खनपटीला बसून एका व्यापाऱ्याकडे कोणी न घेतलेले नऊ लहान फोन शोधून काढले. "यापुढे मिळतील असं समजू नका," त्यांनी बजावलं.

"नाही मिळाले तर परत मॅडमना चढवू," काका म्हणाले. सगळ्यात आधी मॅडमच हसल्या.

बाबांच्या फोनवर ॲप शेवटपर्यंत चाललं नाही. त्याचं वय झालं होतं. मी तो पुसून, बंद करून कपाटात ठेवला. अख्ख्या खात्यासमोर शेवटचं काम करून तो निवृत्त झाला. बऱ्याच जणांना एवढाही मान मिळत नाही.

एक तारखेला मी नऊपैकी एक लहान फोन घेऊन सर्वांत उंच टाकी चढले. सांधा, चीर, पाझर, गंज. अंगठा जायचा, बटण दाबायचा, परत यायचा. डावा हात एका पायरीवरून सुटायचा तो पुढची पायरी धरायलाच, तेही फोन खिशात गेल्यावर. शेवटची पायरी ओलांडून मी टाकीच्या माथ्यावर आले. तिथे छातीएवढा कठडा आहे. सगळं शहर खाली पसरलेलं होतं आणि घराघरांतून नळ वाहत असणार होते.

"किती?" खालून काका ओरडले.

"अडतीस फोटो!"

"आणि हात?"

माथ्यावर, कठड्याच्या आत, दोन्ही हात सोडायला परवानगी आहे. मी दोन्ही हात वर केले आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच इतक्या मोठ्यानं ओरडले, "हे बघा!"