न धुतलेल्या काचा

उदगीरला माझं फोटोच्या फ्रेमचं दुकान आहे. गावातल्या कितीतरी गेलेल्या माणसांचे फोटो मी चौकटीत बसवले. माझी बायको साखराबाई गेली तेव्हा तिचा मात्र एकही फोटो घरात निघाला नाही. काढू काढू म्हणत राहून गेलं.

निजामाच्या काळात इथं मडिवाळप्पा नावाचे अडतीवरचे मुनीम हौसेनं फोटो काढत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ते वारले. तेव्हा निगेटिव्ह काचेवर निघायची; त्यांच्या त्या काचा घरच्यांनी मला थोड्या थोड्या करून दिल्या. साखराबाई त्या सोड्याच्या गरम पाण्यात घासायची. चित्र निघून जायचं, स्वच्छ काच उरायची. त्या काचेमागं आम्ही देवांच्या तसबिरी बसवायचो. शेकडो काचा अशा धुतल्या. एकही निरखून पाहिली नाही.

लातूर जिल्हा झाला आणि पुढं पावसानं दगा दिला. टँकर चार दिवसांनी यायचा. काचांची शेवटची पेटी तिनं न धुताच खाटेखाली सारली. "प्यायला न्हाई, काचंला कुठून आणू?" म्हणाली. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

नळाला पाणी आलं तेव्हा नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीचं फ्रेमचं काम आलं. मी पेटी ओढली, सोडा कालवला. घासायची बाजू कोणती ते तिलाच माहीत होतं. म्हणून काच उन्हात धरली. आत माणसं होती, काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची. मग एकेक बघत गेलो. सातव्या काचेत विहिरीपाशी एक पोरगी उभी होती, कडेवर तान्हं लेकरू. लेकराला धरलेल्या हाताला सहा बोटं होती.

माझ्या थोरल्या मेव्हणीला, कस्तुराबाई आक्काला, सहा बोटं आहेत.

स्टुडिओत फोटो छापून घेतला आणि एसटीनं निलंग्याला गेलो. आक्कानं फोटो डोळ्यांजवळ नेला. लेकराचं तोंड हललेलं होतं. हे कोण, असं मी विचारलं.

"माझ्या पाठीवर ती एकटीच," आक्का म्हणाली. "तवाबी गप बसली न्हाई बघा, दाजी."

साखराबाईचा तो फोटो मी नव्या काचेत बसवला. पेटीतल्या बाकीच्या काचा दुकानाच्या खिडकीत उजेडाला उभ्या केल्या आहेत. लोक येऊन बघतात. काल मुखेडच्या एका म्हाताऱ्यानं एका काचेपुढं पायातली चप्पल काढली. त्यात त्याचे वडील होते.