अंधारलेली गाठ

प्रयोगशाळेतली मंडळी विभागप्रमुखाला पाठीमागे बोकोबा म्हणत. उंदरांच्या जिवावर गुबगुबीत झालेला माणूस, म्हणून बोकोबा. समोर अर्थात सगळे ‘सर, सर’ करत. आणि त्याच्या हाताखालच्या एका संशोधिकेला म्हणत काजवी, कारण काजव्याचा उजेड कॅन्सरच्या पेशींत उतरवायचं काम त्या इमारतीत हिनेच पहिल्यांदा जमवलं होतं. त्या पेशी उंदराच्या पोटात वाढवायच्या, उंदराला तो उजेड पेटवणाऱ्या द्रव्याचं इंजेक्शन द्यायचं, भूल देऊन काळ्याकुट्ट पेटीत कॅमेऱ्याखाली झोपवायचं. जिथे कॅन्सर, तिथे उजेड. गाठ वाढतेय की आटतेय, हे पोट न फाडता पडद्यावर दिसायचं.

वडिलांना कॅन्सर झाला तेव्हा काजवीने रजा मागितली.

“अगं, विचारतेस काय?” बोकोबा म्हणाला. “आधी वडील. इथलं आम्ही बघतो.”

त्याने चांगलंच बघितलं. वडील गेल्यावर ती कामावर परतली, तेव्हा तिची पद्धत एका नावाजलेल्या शोधपत्रिकेत छापून आली होती. लेखावर बोकोबाचं नाव होतं, तिथेच काम करणाऱ्या त्याच्या लेकीचं होतं. काजवीचं नव्हतं.

“तू रजेवर होतीस ना,” बोकोबाने खुर्चीतून न उठता सांगितलं. “आता माझ्या लेकीच्या हाताखाली मशीन सांभाळ. मशीनला कोणीतरी लागतंच.”

घरी आई भडकली. “राजीनामा फेक त्याच्या तोंडावर!”

“फेकला की तो सुटला,” काजवी म्हणाली. “मला त्याच्याजवळच राहायचंय.”

ती राहिली. लेकीने एक नवं औषध तपासायला घेतलं होतं, गाठीला रक्त पुरवणाऱ्या नसा बंद पाडणारं. उंदीर हातात धरायला लेक घाबरायची; ती कॉम्प्युटरपाशी बसायची. उंदीर धरणं, टोचणं, पेटीत झोपवणं काजवीकडे. औषध न दिलेल्या उंदरांच्या पोटात उजेड वाढत होता. औषध दिलेल्यांचा विझत चालला होता. लेक आनंदाने टाळ्या पिटायची, “ताई, बघा ना! गाठ गेली!”

एकदा औषध दिलेल्या उंदराला मानेच्या कातडीला धरून उचलताना, पोटाखाली आधार दिलेल्या काजवीच्या बोटाला खोलवर काहीतरी टणक लागलं. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे नुसता अंधार होता. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती तो उंदीर शेजारच्या खोलीत घेऊन गेली. तिथे उंदरांसाठीचं छोटं सोनोग्राफीचं यंत्र होतं. गाठ जागेवर होती, उलट चांगली फुगली होती. तिच्या लगेच लक्षात आलं. नसा बंद, म्हणून इंजेक्शन गाठीत पोचत नव्हतं. इंजेक्शन नाही, म्हणून उजेड नाही. कॅन्सर मात्र आजूबाजूच्या मांसावर पोसत अंधारात मजेत वाढत होता.

ती लेकीच्या दारापर्यंत गेली. आत बोकोबा फोनवर कोणालातरी सांगत होता, “पद्धत आमचीच हो, घरचीच.”

काजवी दारातून परत फिरली.

त्यानंतर ती दर खेपेला नितळ, काळी चित्रं काढून देत राहिली. पाठ वाकवून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसणारे उंदीर तिला दिसत होते. त्यांना लवकर मरण देऊन शांत करावं, हा नियम तिनेच नव्या मुलांना शिकवला होता. तरी ती गप्प राहिली. बोकोबा जितका उंच चढेल तितका जोरात आपटेल, हे घोकत ती पिंजरे बंद करायची, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात गोडी वाटायची.

बोकोबाला धीर कुठला! प्रयोग संपून पोटं उघडून पाहण्याआधीच त्याने डंका पिटला. संस्थेचे संचालक, औषध कंपनीचे लोक, मोठ्या हॉस्पिटलातल्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाई, सगळ्यांना प्रत्यक्ष बघायला बोलावलं. काजवीने उंदीर पेटीत ठेवला. पडदा काळा.

“गाठ साफ!” बोकोबाने हात पसरले. “आता माणसांवर जायला हरकत नाही.”

“सर,” काजवी अगदी नम्रपणे म्हणाली, “पाहुणे आलेच आहेत, तर याच उंदराची सोनोग्राफीही दाखवू या का? म्हणजे कोणाला शंका नको.”

“दाखव की! हे काय विचारणं झालं?” बोकोबा ऐटीत पुढे चालला.

तिने उंदराच्या पोटावर जेल लावलं, यंत्र टेकवलं. पडद्यावर अर्धं पोट व्यापणारी गाठ आली. औषध न दिलेला उंदीर आणला. त्याच्याही पोटात तेवढीच गाठ. बोकोबा “मशीन बिघडलंय, मशीन...” म्हणत बटणं दाबू लागला. कपाळावरचा घाम गालावर उतरला. काजवी त्या घामाकडे डोळे भरून पाहत राहिली.

डॉक्टरीणबाई मात्र तिच्याकडे वळल्या. “हे यंत्र तुम्ही सुचवलंत. म्हणजे तुम्हाला शंका होती. आधी का नाही बोललात?”

“मशीन सांभाळणारीला कोण विचारतं?”

“मी विचारलं असतं,” बाई म्हणाल्या. “माझ्या वॉर्डात लोक या औषधाची वाट बघत पडलेत. ह्यांच्या शब्दावर मी त्यांना धीर दिलाय. आता कोणत्या तोंडाने सांगू?”

काजवीला वडिलांची खाट आठवली, दारात डॉक्टर दिसताच उशीवरून उचललं जाणारं त्यांचं डोकं आठवलं. पण बोकोबा भिंतीला टेकून उभा होता, आणि तिची नजर पुन्हा तिकडेच गेली.

बोकोबाचं पद गेलं. चौकशी झाली, शोधपत्रिकेने काजवीचं नाव लेखावर घातलं, उंदरांच्या चित्रणाचा विभाग तिच्याकडे आला. तिने पहिल्याच सकाळी ते आजारी उंदीर स्वतःच्या हाताने, गॅसची भूल देऊन, एकेक करून शांत केले. ते काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

तिथेच बोकोबाची लेक आली. डोळे सुजलेले. “ताई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“बरेच दिवस.”

“बाबांनी मला सांगितलं होतं की तुम्हीच लेखावर नाव नको म्हणालात.” ती थांबली. “पण ताई, उजेड जातो नि गाठ राहते, हे आणखी कुठे कुठे होत असेल? किती औषधं अशीच चांगली ठरली असतील? आपण दोघी मिळून शोधू या ना. मी उंदीर धरायला शिकेन.”

प्रश्न खरोखर मोलाचा होता. काजवीच्या मनातही तोच घोळत होता. पोरगी खोटं बोलत नाही, हेही तिला कळत होतं.

“नाही,” काजवी म्हणाली. “तुझं टेबल आजच रिकामं कर.”

लेक गेली. त्या संध्याकाळी काजवी पोटभर जेवली.

“झालं का समाधान?” आईने विचारलं.

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि आणखी वाढून घेतलं.