सहा अंशांचा फरक

आभाला एम.टेक.च्या प्रकल्पासाठी कांद्याची टरफलं दाबून केलेला बोर्ड किती उष्णता अडवतो, ते मोजायचं होतं. कॉलेजातलं यंत्र बंद होतं, म्हणून तिच्या वडिलांनी, गंगाधररावांनी, पंचवटीतल्या घराच्या गॅलरीत तिला एक बनवून दिलं. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर असलेला माणूस. वर हीटर बसवलेली प्लेट, खाली गार पाण्यावरची प्लेट, मधे नमुना.

बोर्डाआधी यंत्राचीच परीक्षा म्हणून आभाने थर्मोकोल ठेवलं. त्याचा आकडा पुस्तकात मिळतो. तेच यंत्र तिने कॉम्प्युटरवरही उभं केलं होतं, हजारो बारीक तुकड्यांत विभागून, प्रत्येक तुकड्यातून उष्णता किती सरकते त्याचं गणित मांडून. कॉम्प्युटर म्हणाला, वरची प्लेट साठ अंशांवर थांबेल. ती चोपन्नवर थांबली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

"माझंच काहीतरी चुकलंय गं," गंगाधरराव म्हणाले.

"असू दे पप्पा, बघू," ती म्हणाली. पण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने तुकडे आणखी बारीक केले. उत्तर साठच. मग कॉम्प्युटरला दिलेली सगळी माहिती पहिल्यापासून वाचताना ती थबकली. चारही कडांमधून उष्णता अजिबात बाहेर जात नाही, असं तिनेच लिहून ठेवलं होतं. आणि गॅलरीत तर कडा उघड्या होत्या, वारा खात. तिने ते दुरुस्त केलं. उत्तर आलं, चोपन्न पूर्णांक तीन दशांश.

ती घाईने घरी आली. वर्तमानपत्रावर सगळं यंत्र सुटं पडलं होतं आणि गंगाधरराव पॉलिशपेपरने प्लेट घासत बसले होते.

"सपाट करतोय. आता येईल तुझं उत्तर."

आभा त्यांच्याजवळ खाली बसली. "पप्पा, तुमचं बरोबरच होतं. कडेनं उष्णता जातच नाही, असं मी कॉम्प्युटरला सांगितलं होतं."

"अगं, कडा तर उघड्याच आहेत!"

"हो ना. आणि मी तुमच्यावर संशय घेतला."

"मीही घेतलाच की माझ्यावर," ते म्हणाले आणि हसायला लागले. "सकाळपासून घासतोय, खांदा गेला!"

तिने त्यांच्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला आणि खांदा चेपून दिला. मग एकेक स्क्रू शोधत दोघं पुन्हा जुळणीला लागले.