थांबता येणारा मामा

एर्सायिनच्या घरातून कुणी कधी वेळेवर निघालं नव्हतं. उशीर घरात व्हायचा आणि भरपाई रस्त्यावर! मे महिन्यातल्या त्या सकाळीही तेच. बहीण माक्पालची लेक पहिली पावलं टाकू लागली होती. तिच्या पायांत रिवाजाप्रमाणे बांधलेली काळी-पांढरी दोरी दुपारी बाराला कापायची होती. कापणाऱ्याची चाल मुलीला येते, म्हणून हा मान गोतावळ्यातल्या सर्वांत चपळ एर्सायिनला मिळाला होता. त्याला उशीर झाला, तर चुलतभाऊ साकेन टपलेलाच होता.

मोटरसायकलच्या साइडकारमध्ये आई बातेस बसली, मांडीवर बाउर्साकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, गरम डबा.

माळावर सायगा हरणांचा कळप रस्ता ओलांडत होता. एर्सायिनचा अंगठा हॉर्नवर गेला.

"थांब! पिल्लं आठवड्याचीही नाहीत."

"हॉर्न दिला की कळप फुटतो, आई. सगळे असेच जातात."

हॉर्न वाजला. कळप उधळला आणि एक पिल्लू चाकासमोरच जमिनीला चिकटून बसलं. एर्सायिनने करकचून ब्रेक दाबला.

"अरे देवा, हे हलतच नाही! पोरकं झालं बिचारं. घरी नेऊन दूध पाजू."

"पोरकं नाही. भ्यालं की ती अशीच निपचित पडतात. त्याची आई परत येईल. बाजारात तू हरवला होतास, तेव्हा कुणी उचलून नेलं असतं तर? इंजिन बंद कर. गाडी मागे ढकल."

"मग तू उतर तरी!"

"बाउर्साक सांडतील. ढकल."

वीस मिनिटं गेली. मग एक मादी आली, लोंबतं नाक हलवत. पिल्लू उठलं, चार पाय चार दिशांना. पडलं, पुन्हा उठलं.

"चाललं! आई, चाललं!" एर्सायिन कुजबुजला.

ते माक्पालच्या घरी पोहोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. साकेनच्या हातात कात्री होती. "काय रे, आज आमचा वारा पडला वाटतं?"

एर्सायिनने लाजत सगळं सांगितलं. माक्पालने साकेनच्या हातून कात्री काढून घेतली. "पळायला शिकवणारे पुष्कळ आहेत. थांबता येणारा मामा हिला एकच!"

एर्सायिनने दोरी कापली. पोर तीन पावलं धावली, समोरून मांजर गेलं तशी थांबली, त्याला जाऊ दिलं आणि पुन्हा धावली. अंगण हसून लोटपोट झालं!

मंडळी, रस्ता आपण नंतर बांधला. हरणांची वाट आधीची आहे. कळप आडवा आला, तर हॉर्न नको, इंजिन बंद करा. तुमची वीस मिनिटं जातील, पण कुणाचं तरी लेकरू आपल्या पायांनी आईपाशी पोहोचेल.