अष्टमीचा पाला

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. नागावच्या एका नारळाच्या वाडीत, मनुबाईंच्या चुलीशेजारी माझे आयुष्य गेले. रेवदंड्याच्या लोहाराने माझे पाते घडवले आणि नारळ खवायला टोकाला दाते काढले. माझ्या धारेचे सगळे कौतुक करत. स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी. वरून चकचकीत वांगे चिरावे, तर आत अळी. रोज हेच पाहिल्यावर विश्वास कुणावर ठेवायचा?

एकोणीसशे एकतीस साली घरात सगुणा आली. मनुबाईंच्या मुलाची ही दुसरी बायको. पहिलीची मुलगी रंगू तेव्हा सहा वर्षांची होती. सावत्र आई म्हटल्यावर मी डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागले. ही बाई काही टाकतच नसे. दोडक्याच्या शिरांची चटणी करी, भोपळ्याची साल तीळ घालून परती. मला वाटले, चिकट दिसते.

त्याच थंडीत रंगू दिवेलागणीला अडखळू लागली. दिवसा सुईत दोरा ओवणारी पोर अंधारून आले की भिंत चाचपायची. एका संध्याकाळी ती माझ्यावरच पडली. पायाला खोल कापले. मला फार वाईट वाटले.

"बाहेरचं लागलंय पोरीला," मनुबाई म्हणाल्या. त्यांची नजर सगुणावर होती आणि माझीही.

कारण मी काहीतरी पाहिले होते. मनुबाई वाडीत गेल्या की सगुणा पदराखालून हिरवा पाला काढी, माझ्यावर बारीक चिरी, खोबरे घालून शिजवी आणि रंगूला घाईघाईने भरवी. मग माझे पाते लगेच धुऊन टाकी. मनात काही नसेल तर बाई लपवील कशाला?

एके दिवशी मनुबाई लवकर परतल्या.

"काय घालतेस पोरीच्या तोंडात?"

"शेवग्याचा पाला हाय, आत्याबाई."

"अष्टमीबिगर? ठाऊक न्हाय तुला?"

त्या घरात शेवग्याच्या शेंगा माणसांना आणि पाला शेळीला. पाल्याची भाजी वर्षातून एकदाच, गोकुळाष्टमीला. एरवी पाला घरात आणणे म्हणजे देवाचा कोप.

सगुणा रडकुंडीला आली. "दिवेआगरला माज्या भावालाबी सांजचं दिसत न्हवतं. आईनं ह्योच पाला खाऊ घातला, तो बरा झाला. तुमी न्हाय म्हनाल, म्हनून इचारलं न्हाय. पोर आंधळी झाली तर काय करायचं?"

मनुबाईंनी ताटातली चिमूटभर भाजी उचलली, हुंगली, तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिल्या.

"घाल. पन माज्या समोर."

तेव्हापासून त्या रोज समोर बसत. आम्हा दोघींचा संशय काही गेला नव्हता.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मनुबाई लगबगीने चुलीकडे आल्या. अंधारून आले होते आणि दिवा अजून लावायचा होता. तेवढ्यात दारातून रंगू म्हणाली, "आजी, थांब. इळी उभी हाय."

मनुबाई होत्या तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मग त्यांनी सगुणाला जवळ बोलावले. "सगुणा, आता शेळीला दुसरं काय घालायचं गं?"

मित्रांनो, डोळ्यांना लागणारे जीवनसत्त्व त्या पाल्यात होते आणि आमची शेळी ते वर्षानुवर्षे खात होती. म्हणून पाला, साल, बी फेकण्याआधी जाणत्या माणसाला एकदा विचारा. आता मी गंजून माळ्यावर पडले आहे. तुमच्या घरची विळी मात्र काम झाले की आडवी करून ठेवा. घरात कुणाला संध्याकाळचे दिसत नसेल, ते आपल्याला लगेच कळत नाही.